डाव्या बाजूची मॅट

गायकवाड सिस्टर गाडीत बसायच्या आधी बॉनेटवर हात ठेवायच्या. उलटा हात, पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. थोडा वेळ ठेवायचा, मान हलवायची, मग दार उघडायचं. गाडी महिनाभर कव्हरखाली झाकून ठेवलेली, तिला कसला आलाय ताप. मी एकदा म्हणलं, "सिस्टर, गार आहे ती." तर म्हणाल्या, "गार आहे हे हात लावल्यावरच कळतं ना, बाळू."

सिस्टर आता नाहीत. त्यांच्याबद्दल सांग म्हणलं की मला आधी तो हात आठवतो. बाकीचं आठवायला जरा टेकून बसावं लागतं. हल्ली मला सगळ्यालाच टेकून बसावं लागतं.

आमची ओळख झाली ती मी त्यांचा मास्तर म्हणून. हे मी लोकांना मुद्दाम सांगतो. चौथीत मी शाळा सोडली का शाळेनं मला सोडलं यावर आमच्या घरात अजून भांडण आहे. तर असा मी, इंदिरानगरात एका मोटर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला होतो. स्वतःच्या लायसनच्या परीक्षेत मी इतक्या वेळा नापास झालेलो की तिथला शिपाई मला लांबून बघूनच चहा सांगायचा.

नव्वद सालाच्या पुढची गोष्ट. सिस्टर नुकत्याच रिटायर झालेल्या. सगळी नोकरी पेठकडच्या डोंगरात, सरकारी दवाखान्यात. नवरा लवकर गेला, एकुलता मुलगा नितीन पुण्याला नोकरीला. अठ्ठावन्न वर्षांची बाई गाडी शिकायला आली म्हणून आमच्या मालकाला हसू आलं, आणि हसत हसत त्यानं त्यांना माझ्या गळ्यात घातलं.

स्कूलच्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा डाव्या बाजूला शिकवणाऱ्याच्या पायाखाली. मास्तर जिवंत राहावा म्हणून केलेली सोय. माझी सगळी विद्या त्या दुसऱ्या ब्रेकात होती. तोंडानं "क्लच हळू सोडा, हळू" आणि पाय ब्रेकवर. पहिल्या दिवशी मी त्यांना सांगितलं, चालवायला कुणीही शिकतं, थांबवायची कधी ते शिका. हे मी सगळ्यांनाच सांगायचो, मालकानं माझ्याकडून पाठ करून घेतलेलं. पण ते ऐकून खरंच मान हलवली ती फक्त सिस्टरनी. मला वाटलं मान अवघडली असेल.

त्या पहिल्याच फेरीत पास झाल्या. मग एक पांढरी जुनी गाडी घेतली, माझ्या सल्ल्यानं. माझा सल्ला असल्यामुळे गाडी पहिले काही महिने गॅरेजातच राहिली. त्याचं सिस्टरनी कधी बोलून दाखवलं नाही. एवढंच म्हणाल्या, "ॲडमिट होती, आता डिस्चार्ज मिळाला."

गाडी कशाला हवी होती, तर महिन्यातून एकदा पेठ रस्त्यानं सावळघाट चढून करंजाळी गावाच्या पुढच्या एका पाड्यावर जायला. तिथं सखूबाई राहायची. सखूबाई दवाखान्यात आया होती. सिस्टर बाळंतपणं करायच्या आणि सखूबाई कंदील धरायची, अशी दोघींची नोकरी गेली. आता सखूबाईला डोळ्यांनी दिसेनासं झालेलं. ओट्यावर बसून असायची. सिस्टर जायच्या, तिची नखं कापायच्या, डोक्याला तेल लावायच्या, नागलीची भाकरी खायच्या आणि दोघी कुठल्या तरी मेलेल्या डॉक्टरवरून भांडायच्या. हे झालं की परत.

त्यासाठी बस होती. पण बस पाड्यापर्यंत जात नाही आणि सिस्टरचे गुडघे पाड्यापर्यंत जात नव्हते. शिवाय आणखी एक होतं. वळणावर सिस्टर दोनदा हॉर्न द्यायच्या आणि सखूबाई साऱ्या पाड्याला ऐकू जाईल असं म्हणायची, "माझी सिस्टर आली. सोता गाडी हाकती ती, कुणी ड्रायवर नाय." एकदा मी चालवत होतो, मीच हॉर्न दिला. ओट्यावरून आवाज आला, "हा तर बाळ्या हाय." आणि म्हातारी आत निघून गेली.

तेव्हापासून सिस्टर चालवायच्या आणि मी शेजारी बसायचो. नितीनला मात्र सांगितलेलं होतं की घाटात बाळूच चालवतो. खोटं कसं म्हणणार, बाळू गाडीत असायचाच.

आता त्यांच्या गाडीला डाव्या बाजूला ब्रेक नाही. पण माझ्या पायाला हे कोण सांगणार? घाट लागला की वळणावळणाला माझा उजवा पाय आपोआप खाली दाबायचा. समोर ट्रक आला की दोन्ही पाय. सिस्टर रस्त्यावरची नजर न काढता म्हणायच्या, "बाळू, खालून रस्त्याला पाय लागतील तुझे."

विम्याचा माणूस पाटणकर. स्कूटरवर यायचा, घाम पुसायचा, पाणी मागायचा आणि बॅग उघडायच्या आधीच दमलेला असायचा, कारण सिस्टरचा प्रश्न त्याला पाठ होता. "पाटणकर, माझी गाडी महिन्यातून एक दिवस चालते. समोरचे देसाई रोज ऑफिसला जातात, रविवारी सासुरवाडीला जातात. मग त्यांचा आणि माझा विमा सारखा कसा? लाइटचं बिल मीटर बघून येतं, पाण्याचं येतं. गाडीतही मीटर आहे. बघा की."

पाटणकर म्हणायचा की सिस्टर, विमा गाडीचा असतो, चालण्याचा नाही. उभ्या गाडीवर झाड पडतं, चोर येतो, आग लागते. सिस्टर म्हणायच्या की बाळंतीण दोन दिवस राहिली तर दोन दिवसांचीच खाट धरतो आम्ही, महिन्याची नाही. असं दरवर्षी. शेवटी दोघंही थकायचे आणि मी मध्ये बसून बिस्किटं खायचो.

पाटणकरनं मग स्वस्तातला मार्ग सांगितला. नुसता थर्ड पार्टी घ्या. म्हणजे आपण कुणाला ठोकलं तर त्याची भरपाई कंपनी देते, तेवढा कायद्यानं लागतोच. आपल्या गाडीला काही झालं तर आपलं आपण बघायचं. सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. मी लगेच म्हणलं, बरोबर आहे, उभ्या गाडीला काय होतंय.

त्याच वर्षी उभ्या गाडीला झालं. त्यांच्या फाटकासमोर, भर दुपारी, गाडी कव्हरखाली शांत झोपलेली असताना एक गाडी रिव्हर्स येऊन तिच्या दारावर बसली. ती स्कूलची गाडी होती आणि चालवत मी होतो. दोन पोरींना रिव्हर्स कसा घ्यावा ते दाखवत होतो. पोरींनी तो पाठ लय चांगला लक्षात ठेवला म्हणतात.

सिस्टर बाहेर आल्या. दारावरून हात फिरवला, माझ्याकडे बघितलं, आणि एवढंच विचारलं, "तुला लागलं नाही ना?" पुढच्या वर्षी पाटणकर आला तेव्हा त्याला म्हणाल्या, "पुन्हा फुल विमा करा. गाडी उभी असली तरी बाळू फिरता असतो."

अशी वर्षं गेली. ड्रायव्हिंग स्कूल बंद पडलं, मी मिळेल त्याची गाडी चालवायला लागलो. सिस्टरच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं नंतर करू म्हणून राहिलं. नितीन दर फोनला म्हणायचा, आई, गाडी विकून टाक, लागेल तेव्हा भाड्यानं घे, विम्याचं तरी ओझं जाईल. त्याचं चूक नव्हतं. सिस्टर म्हणायच्या, बघू. फोन ठेवला की मला म्हणायच्या, "दमले रे मी बघू म्हणून म्हणून."

मग एक दिवस पाटणकर उड्या मारत आला. उड्या म्हणजे त्याच्या मानानं. एका नव्या कंपनीची काहीतरी चाचणी चाललेली. गाडीत एक डबा बसवायचा, ट्रकवाले बसवतात तसला. गाडी किती चालली, कुठं गेली, केव्हा गेली, सगळं तो डबा आपोआप कंपनीला कळवणार. जो कमी चालवेल त्याला विमा कमी. "सिस्टर," तो म्हणाला, "इतकी वर्षं माझं डोकं खाल्लंत, घ्या तुमचा मीटर."

मला वाटलं सिस्टर लगेच हो म्हणतील. नाही म्हणाल्या. डबा हातात घेऊन उलटासुलटा बघत बसल्या. रात्री चालवलं तर जास्त धरणार का? घाटाचं वेगळं धरणार का? मी जाते कुठं ते कोण बघणार? नितीनला दिसणार का? पाटणकर प्रत्येकाला हो, नाही, बहुतेक, अशी उत्तरं देत होता. तो गेल्यावर म्हणाल्या, "स्वस्त पडेल, ते खरं. आणि स्वस्त पडलं तर नितीनचं तोंड बंद होईल, गाडी राहील. पण थर्मामीटर लावून घ्यायचा म्हणजे जो आकडा येईल तो ऐकायची तयारी पाहिजे, बाळू." मी म्हणलं, आपलं काय जातंय, फुकट बसवतायत. माझा सल्ला होता हे परत एकदा सांगून ठेवतो.

डबा बसला. मला वाटायचं तो बोलणंही ऐकतो. त्यामुळे ट्रकवाल्यांना शिव्या देणं मी बंद केलं. घाटात त्या दाबलेल्या शिव्यांनी माझं पोट फुगायचं. सिस्टर म्हणाल्या, "दे रे, त्यांना कुठं विमा वाढवायचाय तुझा."

काही महिन्यांनी पाटणकर पेढे घेऊन आला. सगळ्या चाचणीत सिस्टरची गाडी सगळ्यात कमी चाललेली. गाडी महिन्यातून एकदा निघते, रामशेज किल्ल्याच्या पुढं जाऊन घाटाच्या पायथ्याला थांबते, दिवसभर उभी राहते आणि संध्याकाळी परत येते. विमा अगदी खालच्या दरात बसेल.

मी पेढा तोंडात टाकला. सिस्टरनी नाही घेतला.

"पायथ्याला कुठं थांबते? मी घाट चढते. करंजाळी ओलांडते."

पाटणकरनं कागद परत बघितला. मग त्याच्या ध्यानात आलं. डबा मोबाइलच्या रेंजवर चालायचा, आणि घाटापासून पुढं रेंजच नव्हती तेव्हा. डबा पायथ्यापर्यंत बोलायचा आणि मग गप्प. गाडी खाली आली की पुन्हा बोलायला लागायचा. मधला सगळा घाट, सगळी वळणं, सखूबाई, नागलीची भाकरी, काहीच झालं नाही. पाटणकरनं आवाज खाली आणला आणि म्हणाला, सिस्टर, तुमचा फायदाच आहे, मी काही बोललो नाही, तुम्हीही बोलू नका.

त्या दिवशी सिस्टर लय थकलेल्या दिसल्या. मला म्हणाल्या, "खरं सांगितलं तर विमा वाढेल आणि घाटात कोण चालवतं ते नितीनला कळेल. नाही सांगितलं तर गाडी चालतच नाही असं ठरेल. मग ठेवायची कशाला? विकूनच टाक म्हणेल तो. दोन्हीकडून गाडी जाते, बघ." मी काहीतरी विनोद करायला गेलो. जमला नाही.

आणि झालं तसंच. पाटणकरनं आनंदाच्या भरात पुण्याला नितीनला फोन केला, म्हणाला, तुमच्या आई गाडी चालवतच नाहीत म्हणा ना. शनिवारी नितीन हजर. बरोबर गाडी घेणारं गिऱ्हाईकही ठरवलेलं, रविवारी संध्याकाळी बघायला येणार होतं. चांगला पोरगा, आईवर ओरडणाऱ्यातला नाही. हातात फडकं घेऊन स्वतः गाडी आतून पुसायला लागला. मी बादली धरून उभा.

पुसता पुसता तो थांबला. डाव्या सीटच्या पुढची मॅट त्यानं उचलली आणि उजेडात धरली. मॅटला आरपार भोक. चांगलं टाचेएवढं. त्याच्या शेजारी दुसरं, जरा लहान. उजव्या बाजूची, चालवणाऱ्याची मॅट मात्र नव्यासारखी.

"बाळूभाऊ, गाडी तर चालतच नाही म्हणतात. मग ही कशानं झिजली?"

मी म्हणलं, उंदीर.

"उंदीर फक्त डाव्या बाजूला बसतो?"

मी बादली खाली ठेवली. त्यानं एकदा भोकाकडे बघितलं, एकदा माझ्या चपलेकडे. पोरगा इंजिनिअर, पण हे कळायला इंजिनिअर लागत नाही. म्हणाला, "घाटात तुम्ही चालवता ना?"

सिस्टर दारात येऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी चालवते. तो घाबरतो. दोन्ही कामं वर्षानुवर्षं वाटून घेतलीयत आम्ही."

नितीन मॅट हातात घेऊन पायरीवर बसला. मग म्हणाला, "तुला दिसतं का नीट, आई?" सिस्टर म्हणाल्या, उद्या चल, तूच बघ. मग ठरव.

रविवारी सकाळी निघालो. सिस्टरनी बॉनेटवर हात ठेवला, मान हलवली. नितीन मागं बसला, मी डावीकडे. फाटकी मॅट त्यानं परत जागेवर घातलेली. सगळ्यांना परीक्षा कशाची ते माहीत होतं. गाडी राहणार का जाणार, आणि गाडीबरोबर सखूबाई.

सिस्टरनी गाडी लय छान चालवली. मी मास्तर म्हणून सांगतो, आणि माझं सर्टिफिकेट काय लायकीचं ते तुम्हाला कळलंच आहे. घाटात वरून ट्रक आला, त्यांनी कडेला घेऊन त्याला जागा दिली. नितीनचा श्वास मागं ऐकू येत होता, तो जरा सुटला. आणि पुढच्याच वळणाला कडेनं एक बाई चाललेली, डोक्यावर लाकडाची मोळी. मला दिसली. नितीनला दिसली. माझे दोन्ही पाय भोकात गेले. सिस्टरना ती दिसली, पण उशिरा. त्यांनी ब्रेक मारला, गाडी थांबली, बाईच्या बरीच अलीकडे थांबली. बाईनं वळूनही पाहिलं नाही, गेली पुढं.

काहीच झालं नव्हतं. सिस्टर स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिल्या. मग गिअर टाकला आणि पाड्यापर्यंत नेली. वळणावर दोनदा हॉर्न दिला. ओट्यावरून आवाज आला, "माझी सिस्टर आली." नितीननं पहिल्यांदाच ऐकला तो. सखूबाईनं त्याचा चेहरा हातानं चाचपला आणि म्हणाली, "ह्यो माझ्याच हातात जल्मला. डोकं मोठं व्हतं, लय तरास दिला." नितीन तिच्यापुढं बसला. नखं त्यानं कापली त्या दिवशी.

निघताना तो स्वतःहून म्हणाला, "आई, गाडी नाही विकत. चालव तू." मला खरं तर तेव्हा रडू येणार होतं, पण तोंडात भाकरी होती.

सिस्टरनी बॉनेटवर हात ठेवला. नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवला. मग चावी माझ्यापुढं धरली.

"थांबवायची कधी ते शिका म्हणाला होतास ना? घे."

मी म्हणलं, सिस्टर, काही झालं नाही हो, ती बाई तर लांब होती. त्या म्हणाल्या, "पेशंट वाचला म्हणजे चूक झाली नाही असं नसतं." आणि डाव्या बाजूला जाऊन बसल्या. मी उजवीकडे बसलो. माझ्या पायाखाली खराखुरा ब्रेक होता आणि मला तो सापडेना.

दुसऱ्या दिवशी पाटणकरला बोलावलं. सगळं सांगितलं, घाट, करंजाळी, कोण चालवत होतं ते. पाटणकरनं कपाळाला हात लावला. सिस्टर म्हणाल्या, "त्या डब्याला घाट दिसत नाही. मलाही आता नीट दिसत नाही. दोघांना एकदमच उतरवा गाडीतून. आणि फुल विमा करा." पाटणकर म्हणाला, सिस्टर, आता तर विमा पूर्वीएवढाच पडेल, एवढी वर्षं याच्यावरच भांडलात. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "चालवणार कोण आहे बघा. जास्त पडला तरी चालेल."

सखूबाईसाठी आम्ही एक केलं. पाड्याच्या खाली, वळणाआधी, मी गाडी थांबवायचो. सिस्टर डावीकडून वाकून हात लांब करायच्या आणि हॉर्न स्वतः द्यायच्या. दोनदा. म्हातारीला शेवटपर्यंत कळलं नाही. का कळलं होतं, देव जाणे. ती तेवढीच खूश व्हायची.

असं आम्ही सखूबाई होती तोवर गेलो. ती गेली, आणि मग सिस्टरही फार राहिल्या नाहीत. नितीननं पुण्याला नेलं होतं, तिथंच गेल्या. गाडी विकताना त्यानं मला विचारलं, काही हवंय का. मी ती मॅट मागितली. बायको म्हणते फेकून द्या, पाय पुसायलाही उपयोगी नाही, पाय आरपार जातो.

मला आठवते ती आमची शेवटची खेप. पावसाळा संपलेला, रस्त्याला खड्डे. घाट उतरताना एक ट्रक वळणावर अंगावर आला, मी आवरली गाडी. सवयीनं डावीकडे बघितलं. सिस्टरची चप्पल बाजूला पडलेली आणि त्यांचा पाय मॅटच्या भोकात, माझ्याच भोकात, घट्ट दाबलेला.

मी म्हणलं, "सिस्टर, तिथं ब्रेक नाहीये."

पाय न उचलता म्हणाल्या, "माहितीये. तुला होता का?"